चार भिंतींचा एकच रंग

माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायला नको. रनाळ्याच्या शाळेत एकतीस वर्षं मुलं शिकवली, त्यात ती धार आणखी चढली. पण त्या जिभेने एका माणसावर जो घाव घातला, त्याची गोष्ट सांगायची तर आधी तो माणूस सांगायला हवा.

वहाबभाई पेंटर. वय साठीच्या पुढे, उंच, किडकिडीत, पांढरी दाढी आणि त्या दाढीत कायम कुठल्या तरी घराचा रंग. नंदुरबारात त्यांच्या घराण्याला चार पिढ्या झाल्या. वडील लग्नाच्या घरांना चुना मारायचे. चुन्यात डिंक किती, नीळ किती, हे वहाबभाई वयाच्या दहाव्या वर्षी शिकले आणि शाळा सोडून बादलीमागे लागले. पुढे चुना गेला, डिस्टेंपर आला, मग डब्यातले चकचकीत रंग आले. वहाबभाई सगळ्यांशी जुळवून घेत गेले, फक्त एका गोष्टीशी त्यांनी शेवटपर्यंत जुळवून घेतलं नाही. ती म्हणजे दुकानातलं रंग कालवायचं मशीन. ते पांढरा डबा आणायचे, रंगाच्या लहान बाटल्या आणायचे आणि डोळ्यांनी बघत, काठीने ढवळत रंग तयार करायचे.

नोकरी संपली तेव्हा आम्ही नंदुरबारला घर बांधलं. आमचे हे, म्हणजे भाईदासराव, एसटीत होते. आमच्या दोघांच्या उभ्या आयुष्याची कमाई त्या घरात गेली. गवंड्याने बाहेरून दाणेदार, खडबडीत गिलावा दिला. नाशिकला नणंदेच्या घराला तसा पाहिला होता आणि माझा हट्ट होता. गिलावा झाला त्याच आठवड्यात मी वहाबभाईंना बोलावलं. त्यांनी भिंतीवर तळवा फिरवला, वास घेतला म्हटलं तरी चालेल, आणि महिनाभराने येतो म्हणून निघाले. ओल्या गिलाव्यातला खार रंग खाऊन टाकतो, हे त्यांचं म्हणणं. मी चिडले. पण महिना थांबावं लागलं.

महिन्याने आले तर मी त्यांच्यापुढे रंगांचं कार्ड ठेवलं. एका चौकोनावर बोट ठेवून म्हटलं, "हा."

त्यांनी कार्ड उचललं आणि खाली ठेवून दिलं. "बाई, कागदवर रंग नका देखा. कागद सपाट शे, तुमनी भित खडबडी शे. खळगामा सावली बसस, मंग रंग काया दिखस."

मला हवा होता ज्वारीच्या ताज्या पिठाचा रंग. पांढरा नाही, पिवळा नाही, त्या दोघांच्या मधला. त्यांनी चारही भिंतींवर हातभर तुकडे रंगवले आणि मला अंगणात खाट टाकून बसवलं. "सकाय देखा, दुपारले देखा, सांजले देखा. मंग सांगा."

मी पाहिलं. आणि मला पहिल्यांदा कळलं की सकाळी जो रंग पिठासारखा दिसतो तोच संध्याकाळी तिरप्या उन्हात राखेसारखा दिसतो, कारण प्रत्येक दाण्याची सावली शेजारच्या खळग्यात पडते. मग वहाबभाईंनी आपली खरी कारागिरी सांगितली. ते चार भिंतींना चार वेगळे रंग कालवत. उत्तरेची भिंत सावलीत असते म्हणून तिच्या रंगात पिवळा थोडा वाढवायचा, पश्चिमेची संध्याकाळी तांबूस होते म्हणून तिच्यातला कमी करायचा. फरक अगदी थेंबांचा. पण तो जमला की घराभोवती कुठूनही फिरा, रंग एकच दिसतो. चार वेगळे रंग लावून घर एकाच रंगाचं दिसायला लावणं, ही त्यांची विद्या. गावातल्या जाणकारांना ती माहीत होती, आणि वहाबभाईंना तिचा मनातून फार अभिमान होता.

काम सुरू झालं. तारेच्या ब्रशने घासणं, धुणं, मग पांढरा पहिला हात. खडबडीत भिंतीवर रोलर नुसता दाण्यांच्या टोकांवरून पळतो, म्हणून आधी ब्रशने रंग खळग्यांत ठासायचा आणि मग वरून रोलर फिरवायचा. दुप्पट रंग लागतो, तिप्पट वेळ. तापल्या भिंतीला ते हात लावायचे नाहीत. ऊन जसं सरकेल तशी त्यांची परांची सावलीमागून सरकायची. दिवस मिरचीच्या हंगामाचे होते. मिरच्या वाळत घालतात त्या पथारीकडून वारा आला की लाल धूळ ओल्या भिंतीवर बसते, म्हणून त्यांनी परांचीला जुन्या साड्यांचे पडदे बांधले. त्यामुळे मला पूर्ण भिंत कधी दिसेना. पडद्याआड काय चाललंय ते बघायला मी दोनदा गेले, दोन्हीदा शिंका देत परत आले.

शेवटच्या हाताचा रंग मात्र ते एका ठरावीक वेळीच कालवत. दुपारच्या नमाजाच्या आधी. बादली ढवळून झाकण ठेवायचं, मशिदीत जायचं, अर्ध्यापाऊण तासाने परत यायचं. तेवढ्यात रंग मुरतो म्हणत. मग ज्या भिंतीवर सावली येईल तिला तो लावायचा, दुपारनंतर किंवा दुसऱ्या सकाळी. त्यांची बायको शकीला रोज त्याच सुमाराला डबा घेऊन यायची. गोरी, ठेंगणी, कमी बोलणारी बाई. ते नमाज आटपून येईपर्यंत ती बादल्यांपाशी बसून राहायची. काम सुरू होऊन आठवडा झाला आणि ती धानोऱ्याला गेली. तिथे दिलेली लेक अर्शिया बाळंत झाली होती. पुढचे पंधरा दिवस वहाबभाई सकाळीच डबा बांधून आणू लागले. शेवटचा हात त्याच पंधरा दिवसांत झाला.

परांची उतरली, साड्या निघाल्या. मी कौतुकाने चहा घेऊन बाहेर आले आणि घराच्या कोपऱ्यावर उभी राहिले, जिथून दोन भिंती एकदम दिसतात.

उत्तरेची भिंत पिठल्यासारखी पिवळी होती. तिला चिकटून पश्चिमेची, गाजराची झाक असलेली. मी कप तसाच हातात धरून मागे गेले. पूर्वेची पांढरीफटक. दक्षिणेची कसलीशी मातकट. चार भिंती, चार घरं वाटावीत अशी. डोक्यात तिडीक गेली. एकतीस वर्षं शाळेत पुस्तकी मराठी बोलणारी मी, पण राग आला की आईची भाषाच तोंडात येते.

"वहाबभाई, चार घरना उरेल डबा मन्हाच घरले लावाना व्हतात का?"

ते ब्रश धूत होते. उठून आले, माझ्याशेजारी उभे राहिले, डोळे बारीक करून त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. मग अगदी सरळ आवाजात म्हणाले, "बाई, चारी भिती एक शेतस. रंग एकच दिखी ऱ्हायना."

मला वाटलं, हा माणूस मला तोंडावर वेड्यात काढतोय. मग मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एक शब्द मात्र लिहायलाच हवा, कारण तो मी उच्चारला. चोर. गल्लीतल्या दोन बायका फाटकाशी येऊन थांबल्या होत्या, त्यांच्या देखत.

वहाबभाईंचा चेहरा उतरला. "पन्नास वरीसमा माले कोनी चोर सांगं नही," एवढंच म्हणाले. मग परत जाऊन बसले आणि उरलेले ब्रश धुतले. एकेक करून, केस सरळ करून, कागदात गुंडाळून. मला वाटलं होतं टाकून निघून जातील. शेवटचा ब्रश बांधून झाल्यावर ते निघाले, आणि आमच्या ह्यांनी पुढे केलेल्या पैशांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

रात्री हे म्हणाले, "तू जे बोलनी ते चांगलं व्हतं का?" मी म्हटलं, भिंती बघा आणि मग मला विचारा. ते कूस बदलून झोपले. त्यांचं असं पाठ फिरवणं मला आयुष्यभर झोंबत आलं आहे, त्या रात्री जरा जास्तच झोंबलं.

तिसऱ्या दिवशी शकीला आली. धानोऱ्याहून उतरली ती घरी पिशवी टाकून थेट आमच्याकडे. मी दारात कंबर कसून उभी होते, पण ती माझ्याशी बोलायच्या आधी घराला एक फेरी मारून आली. चौथ्या भिंतीपाशी तिने ओढणीचा पदर तोंडाशी धरला. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"हाई त्यासना हातना रंग शे, बाई. उरेल डबा नहीत. त्यासले रंगच दिखत नही. दोन वरीस व्हयनात."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती थांबत थांबत सांगत गेली. दोन वर्षांपूर्वी एका घरावर ती डबा घेऊन गेली, वहाबभाई नमाजला गेले होते. तिने बादलीचं झाकण उघडलं. शकीला रंगरेजाच्या घरातली. तिच्या बापाने लुगडी आणि पागोटी रंगवली, आणि ओल्या कापडाचा रंग वाळल्यावर काय होणार हे ती लहानपणापासून ओळखत आली. बादलीतला रंग चुकलेला आहे हे तिला एका नजरेत कळलं. बाटल्या तिथेच होत्या. तिने थेंब थेंब टाकून तो दुरुस्त केला, झाकण लावलं आणि डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. ते आले, त्यांनी तोच रंग लावला. मालकाने वाहवा केली. त्या दिवसापासून प्रत्येक घरावर, प्रत्येक बादलीत, आमच्या नमुन्याच्या तुकड्यांच्या बादलीतसुद्धा, त्या अर्ध्यापाऊण तासात ती हेच करत आली होती.

"अहो, पण सांगितलं का नाहीत त्यांना?"

"मी सांगती तर त्यासनी परांची सोडी दिधी असती. घरमा बसेल मानूस मी कसा देखू, बाई?"

आणि मग ती जे बोलली त्याने माझी मान खाली गेली. म्हणाली, तुम्ही त्यांना चोर म्हणालात. ते चोर नाहीत हे पटवायचं तर त्यांना दिसत नाही हे सांगावं लागेल. दोन दिवस ते जेवलेले नाहीत. सांगू तर कुठलं सांगू?

मी शिक्षिका. मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारलेली बाई. पण त्या दुपारी मी जो मार्ग काढला तो खोट्याचा होता. दुसऱ्या सकाळी मी आणि हे त्यांच्या घरी गेलो. वहाबभाई ओसरीवर बसले होते. मी हात जोडले. म्हटलं, माझं चुकलं, दोष तुमचा नाही, दुकानदाराच्या बाटल्याच खराब होत्या, एकात एक मिसळलेल्या होत्या, मला आता कळलं.

त्यांच्या अंगात एकदम जीव आला. ताठ उभेच राहिले. "मंग त्यानी माले बी फसाडं आन् तुमले बी! चला बाई, आतेच जाऊत त्याना दुकानवर. लोकंसना देखत इचारसू त्याले."

त्यांनी चपला घातल्या. मी घाबरून ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी जमिनीकडे पाहिलं. माझ्या जिभेने एका माणसाला चोर केलं होतं, आणि ते निस्तरायला जाऊन आता दुसरा निरपराध चोर होणार होता. सगळी धार कुठे गेली कोण जाणे.

शकीला दाराच्या चौकटीत उभी होती. तिने आवाज चढवला नाही. "दुकानदारना काही दोष नही. बाटल्या चांगल्या व्हत्यात. तुमले रंग दिखत नही."

वहाबभाई एक चप्पल पायात, एक हातात, असे थांबले.

तिने सगळं सांगितलं. बादल्या, नमाजाची वेळ, थेंब, दोन वर्षं. तिचं बोलणं संपल्यावर आमच्या ह्यांनी उगाच खाकरून घेतलं. शेवटी वहाबभाईंनी एकच विचारलं, "कितला घरं?"

"एकोणीस."

ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही परत आलो. वाटेत मी रडले. आमच्या ह्यांनी गाडी कडेला उभी केली आणि माझं रडणं संपेपर्यंत रस्त्यावरची वर्दळ बघत बसले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पिकत आलेला. डॉक्टरांनी सांगितलं की असं डोळ्यांवर पिवळं मळभ साचत जातं, रोज इतकं थोडं की माणसाला पत्ता लागत नाही, आणि सावलीत तर रंगांची पारखच उरत नाही. वहाबभाई इतके दिवस दोष चष्म्याला देत होते, मिरचीच्या धुळीला देत होते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं, मग महिन्याने डाव्याचं. पहिली पट्टी निघाली तेव्हा सगळं निळंच दिसतंय म्हणून ते घाबरले होते, असं शकीलाने सांगितलं. ती आमच्याकडे येत राहिली, ते आले नाहीत. गल्लीतल्या त्या दोन बायकांना मी घरी बोलावून सांगितलं की वहाबभाई चोर नाहीत, मी खोटं बोलले होते. त्यांनी चहा घेतला आणि माझ्या चार रंगांच्या घराकडे बघत हो हो म्हटलं. दुसरा पेंटर बोलवा, असं चारजणांनी सुचवलं. मी नाही बोलावला. येणारे जाणारे थांबून घराकडे बघायचे, हसायचे, आणि ते हसणं माझ्या हिशोबाने मला मिळायलाच हवं होतं.

उन्हाळा लागायच्या बेताला एके दिवशी सकाळी फाटक वाजलं. वहाबभाई आणि शकीला. त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, तो त्यांनी काढून खिशात ठेवला आणि घराला फेरी मारली. सावकाश, एकेका भिंतीपुढे थांबत. मी दारात उभी होते. ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, पण ओठ हसत होते.

"बाई, तुम्ही कमीच बोलन्यात," ते म्हणाले. "इतली खराब भित तर मन्हा बापनी माले पहिला दिनले बी करू दिधी नसती."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही बोललात, मला जे दिसलं ते मी. मग सांगू लागले की गेले आठ दिवस ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत गावभर हिंडत होते. शकीलाकडून त्या एकोणीस घरांची नावं घेतली होती. सायकलवरून प्रत्येक घरासमोर गेले. सकाळी, दुपारी, सांजेला, तिन्ही वेळा पाहिलं. कुणाला हाक मारली नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं आणि पुढच्या घराला गेले. रनाळ्याचं घर लांब, तिथे तर जेवणाची भाकरी बांधून गेले. नावं कशाला घेतली होती ते शकीलाला आत्ताच कळत होतं. तिने ओढणी घट्ट धरली आणि मान खाली घातली. वही तपासून घ्यायला आलेल्या मुलीसारखी ती उभी होती, आणि मला एकतीस वर्षांत अशी किती मुलं पाहिली ते आठवलं.

वहाबभाई तिच्याकडे वळले. आणि ज्या आवाजात ते गवंड्यांशी, दुकानदारांशी, दुसऱ्या पेंटरांशी बोलत, अगदी त्याच आवाजात म्हणाले, "रनाळेना घरले तांबडा जरासा जास्त पडेल शे."

शकीलाची मान वर आली. "जास्त कसा? त्या भितना मोहरे निंबनं झाड शे. सावली हिरवी पडस. तांबडा नही टाकती तर भित शेवायी दिखती."

"निंब माले बी दिखना. तरी एक थेंब जास्त शे."

"एक थेंब बी जास्त नही!"

"शे."

"नही शे!"

दोन वर्षं ती बाई झाकणाआड, गुपचूप, श्वास रोखून रंग कालवत होती. आता ती माझ्या अंगणात कमरेवर हात ठेवून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, पन्नास वर्षं रंग कालवणाऱ्या पेंटराशी एका थेंबावरून भांडत होती. आणि तो पेंटर तिला बाई म्हणून गप्प करत नव्हता, बायको म्हणून समजूत घालत नव्हता. तो हट्टाने, मनापासून, बरोबरीच्या कारागिराशी भांडावं तसा भांडत होता. आमचे हे चहा ठेवायला आत गेले. मी पायरीवर बसले आणि पदराने डोळे पुसत ते भांडण ऐकत राहिले, आणि ते लवकर संपू नये असं मला वाटत होतं.